हिमावरचा खेळ आणि करणाऱ्याचे नाव



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला, की महागाई भत्ता, बोनस किंवा ठेकेदारी ह्यांपैकी कशावर तरी ऐकावे लागणार अशी श्रोत्यांची तयारी असते. माझा आजचा विषय मात्र एका खेळाचा इतिहास हा आहे. आणि खेळही लहान मुलांचा, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचा, जपानात तयार झालेला, बर्फावरचा. नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर चढत असताना बर्फाची गोष्ट काढणे हा शहाणपणा की वात्रटपणा, हे आपण शेवटी ठरवावे.

विषय निवडण्याचे कारण साधे आहे. माझे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. जे शिकलो ते वाचनालयात, कारखान्याच्या फाटकासमोर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर शिकलो. त्या शिक्षणाने मला एक सवय लावली. वस्तू घरात आली, की ती कोणी केली, कोठे केली आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न विचारावयाचे. धोतराविषयी हे प्रश्न विचारले तर गिरणीचा इतिहास निघतो. साखरेविषयी विचारले तर उसाचा आणि ऊसतोडणी कामगाराचा निघतो. मग मुलांच्या खेळण्याविषयी विचारले तर काय निघते, हे पाहावे असे वाटले.

१९९० नंतरच्या दहा वर्षांत हे खेळणे नागपुरात घरोघर शिरले. आपले हुडकेश्वर तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते. मानेवाड्यापुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते आणि मधून मधून नवे लेआउट, अशी स्थिती होती. तरी ज्या घरात दूरचित्रवाणी होती, त्यातल्या काही घरांत 'व्हिडिओ गेम' आला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे त्या डब्यांवर असत. डबा, दोन हातांसाठी दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक अडाप्टर. खेळ ज्यात भरलेला असे त्या पेटीला सगळे 'कॅसेट' म्हणत, जरी तिच्यात फीत नसे. दूरचित्रवाणीचा चॅनेल फिरवून फिरवून चित्र धरावे लागे. ज्याच्या घरी यंत्र नसे तो सीताबर्डीच्या बाजूला पार्लरमध्ये तासाचे पैसे देई, किंवा मित्राच्या घरी आपली पाळी येण्याची वाट पाही. एकाच कॅसेटमध्ये चौसष्ट खेळ आहेत असे वर छापलेले असे. काहींवर तर हा आकडा हजारांत असे, आणि तेच तेच खेळ नावे बदलून पुन्हा येत.

त्या गर्दीत मुलांच्या आवडीचा एक खेळ असे. त्याला ती 'पेंग्विनवाला' म्हणत. त्याचे खरे इंग्रजी नाव 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर'. ओसाका परिसरात उदयास आलेल्या कोनामी कंपनीने तो १९८३ साली एमएसएक्स नावाच्या घरगुती संगणकासाठी काढला, आणि १९८५ साली निन्टेंडोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' ह्या यंत्रासाठी. खेळणारा पेंग्विनच्या पाठीमागून पाहतो. पेंग्विन बर्फावरून पळत, घसरत सुटलेला असतो. समोरून बर्फातली भोके येतात, भेगा येतात, भोकातून अचानक सील वर डोके काढतो. उडी मारून, बगल देऊन, वाटेतले मासे आणि झेंडे टिपीत नेमलेल्या वेळात पुढचा तळ गाठावयाचा. तळावर पोचल्यावर त्या त्या देशाचा झेंडा वर चढतो. ह्या खेळात मरण नाही. पेंग्विन अडखळतो, धडपडतो, पुन्हा उठतो. जातो तो फक्त वेळ. घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. कारखान्यात हजेरीच्या भोंग्यावर धावलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आता पहिला प्रश्न. जपानी माणसाने बर्फच का निवडला?

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, निइगाता आणि आसपासच्या भागात, हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावरून बर्फ पडते. ह्या भागाला तेथील लोक 'हिमप्रदेश' म्हणतात. १९११ च्या जानेवारीत थिओडोर फॉन लेर्ख ह्या ऑस्ट्रियन मेजरने ह्याच प्रदेशातील ताकादा गावी जपानी लष्करी अधिकाऱ्यांना पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरावयास शिकविले. तेथून जपानात 'स्की'ची पद्धतशीर सुरुवात मानतात. म्हणजे आरंभी ती लष्कराची विद्या होती, श्रीमंतांची करमणूक नव्हे.

परंतु त्या हिमप्रदेशाची दुसरी बाजू मला अधिक जवळची वाटते. बर्फाने शेते झाकली, की चार-पाच महिने शेतकऱ्याच्या हाताला काम नसे. मग घरातला कर्ता पुरुष तोक्योकडे मजुरीला जाई. ह्या हंगामी स्थलांतराला जपानीत 'देकासेगी' असा शब्दच आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकची बांधकामे, रस्ते, लोहमार्ग ह्यांवर हेच हात राबले. आपल्याकडे दिवाळीनंतर बैलगाडीत संसार घालून ऊसतोडणीला निघणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली, किंवा विदर्भातून वीटभट्टीवर गेलेली माणसे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा शब्द परका वाटणार नाही. पुढे त्याच डोंगरांवर घसरपट्ट्या आणि पाळणे उभे राहिले, आणि ज्या बर्फाने माणसाला गाव सोडावयास लावले त्याच बर्फाने काहींना हिवाळ्यात गावातच रोजगार दिला. १९७२ साली साप्पोरो येथे आशियातील पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. सत्तर मीटरच्या स्की-उडीत कासाया, कोन्नो आणि आओची ह्या तीन जपानी खेळाडूंनी सोने, रुपे आणि कांस्य ही तिन्ही पदके घेतली. १९८२ साली तोक्योच्या बाजूकडून निइगाताला जाणारी जोएत्सु शिनकानसेन गाडी सुरू झाली, आणि शहरातला कारकूनही सकाळी जाऊन बर्फावर घसरून रात्री घरी येऊ लागला. ऐंशीच्या दशकात सारा देश स्कीच्या मागे लागला.

अंटार्क्टिकाचेही तसेच. १९५७ च्या जानेवारीत जपानने तेथे 'शोवा' नावाचा तळ उभारला. युद्धात बेचिराख झालेल्या राष्ट्राला तो स्वाभिमानाचा विषय वाटला. पुढच्या वर्षी तेथे मागे सोडाव्या लागलेल्या कुत्र्यांपैकी तारो आणि जिरो हे दोघे १९५९ साली जिवंत सापडले, तेव्हा सारा देश हळहळला आणि हरखला. त्या कथेवरचा चित्रपट १९८३ सालीच जपानात आला आणि त्याने गर्दीचे उच्चांक केले. म्हणजे पेंग्विनचा खेळ निघाला तो अशा वर्षी, की जेव्हा जपानी घरात बर्फ, स्की आणि दक्षिण ध्रुव हेच बोलणे होते. खेळाला लावलेले संगीत मात्र युरोपातले. फ्रेंच संगीतकार वाल्डटॉइफेल ह्याने १८८२ साली बर्फावर घसरणाऱ्यांसाठी रचलेले वॉल्ट्झ. शंभर वर्षांपूर्वीची ती धून हुडकेश्वरच्या मुलांना तोंडपाठ होती, आणि ती कोणाची हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

बर्फ निवडण्यास यंत्राचेही कारण होते. निन्टेंडो ही १८८९ सालापासून क्योतो शहरात पत्ते करणारी कंपनी. तिचे 'फॅमिली कॉम्प्युटर' यंत्र १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीला बाजारात आले. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. त्या यंत्राची स्वतःची कामचलाऊ स्मृती अवघी दोन किलोबाइट. आणि सुरुवातीच्या कॅसेटमध्ये सारा खेळ चोवीस ते चाळीस किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज आपल्या खिशातल्या फोनवर आलेले एक साधे छायाचित्रही ह्याच्या कितीतरी पट मोठे असते. पडदा हा फरशी बसवावी तसा लहान लहान चौकोनांचा. आडवे बत्तीस, उभे तीस, एकूण ९६०. प्रत्येक वेगळ्या नक्षीचा चौकोन साठविण्यास सोळा बाइट जागा लागते. आता विचार करा. जंगल काढावयाचे तर पाने, खोडे, सावल्या ह्यांचे अनेक वेगळे चौकोन हवेत. बर्फ काढावयाचे तर एकच कोरा चौकोन शेकडो वेळा मांडला की झाले. मग काठावरच्या चार रेघा पुढे सरकवीत मोठ्या केल्या, भोक आधी लहान आणि मग मोठे दाखविले, की पाहणाऱ्याला वाटते आपणच पुढे धावत आहोत. पेंग्विन वस्तुतः जागच्या जागी पाय हलवीत असतो. धावते ती जमीन. ज्याच्यापाशी कापड थोडे आहे तो शिंपी जसा कापडाच्या बेतानेच अंगरखा बेततो, तसेच हे काम आहे. गरिबीतून निघालेली ही हुशारी आहे, आणि मला तिच्याविषयी आदर वाटतो.

असा हा खेळ येथवर आला कसा, हा दुसरा प्रश्न. फॅमिली कॉम्प्युटर आणि त्याचे परदेशी रूप मिळून जगभर सहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. परंतु आपल्या गल्लीत जे आले ते बहुतांशी क्योतोतले नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तैवानमध्ये ह्या यंत्राच्या मुख्य चिपांच्या नकला निघू लागल्या. पुढे तर सगळे यंत्र एकाच चिपेत बसले. मग तेच यंत्र रशियात 'डेंडी', पोलंडमध्ये 'पेगासस' आणि आपल्याकडे अनेक नावांनी विकले गेले. मूळ यंत्र सामान्य माणसाच्या आटोक्यात नव्हते, नक्कल होती. ह्यात कायद्याचा भंग होता हे खरे. आणि ह्याच नकलांमुळे मजुराच्या मुलाच्या हाती तो खेळ पडला, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण नकला करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. अनेक कॅसेटांमधल्या खेळांच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि साल खरवडून काढले. करणाऱ्या माणसाचे नाव खरवडण्याची त्यांना गरज पडली नाही, कारण ते तेथे मुळात नव्हतेच.

येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येतो, आणि माझ्या मते तोच ह्या विषयाचा गाभा आहे.

ह्यासाठी थोडे मागे, अमेरिकेत जावे लागेल. कॅलिफोर्नियातील अटारी ही घरगुती खेळांची तेव्हाची सर्वांत मोठी कंपनी. तिच्याकडे खेळ रचणारे जे तंत्रज्ञ होते, त्यांचे नाव खेळावर, खोक्यावर, कोठेही छापले जात नसे. एक माणूस एकटा सहा महिने बसून खेळ रची, पगार ठरलेला. डेव्हिड क्रेन ह्या तंत्रज्ञाने पुढे सांगितले आहे, की कंपनीच्या एका वर्षाच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या विक्रीपैकी सहा कोटींची विक्री आम्हा चौघांच्या खेळांची होती, आणि आमचा वार्षिक पगार तीस हजार डॉलरच्या आत होता. चौघे कंपनीच्या प्रमुखाकडे गेले. नाव छापा आणि विक्रीतला थोडा हिस्सा द्या, एवढीच मागणी होती. क्रेन ह्यांच्या सांगण्यानुसार त्यांना उत्तर मिळाले, की कॅसेट जोडणाऱ्या पट्ट्यावरच्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी इतरांच्या साथीने ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. त्यांच्यापैकी बॉब व्हाइटहेड ह्यांनी १९८० साली एक खेळ केला. त्याचे नाव 'स्कीइंग'. अवघ्या दोन किलोबाइटमध्ये बसविलेला, बर्फाच्या उतारावरून झेंड्यांमधून घसरत जाण्याचा खेळ. आणि ॲक्टिव्हिजनच्या धोरणाप्रमाणे तो कोणी केला हे ग्राहकाला सांगितले गेले. म्हणून मी म्हणतो, की बर्फावरच्या ह्या खेळाला मजुरीच्या इतिहासात एक जागा आहे.

अटारीतच राहिलेल्या वॉरन रॉबिनेट ह्या तंत्रज्ञाने दुसरी वाट काढली. 'ॲडव्हेंचर' ह्या आपल्या खेळात त्याने एक गुप्त खोली केली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले. कंपनीला ते कळले तोवर खेळ दुकानांत पोचला होता. आमच्या जुन्या शिल्पकारांनी देवळाच्या कोपऱ्यातल्या एखाद्या दगडावर, पुजाऱ्याची नजर जाणार नाही अशा जागी, आपली खूण कोरावी, तसाच हा प्रकार.

जपानात ही रीत आणखी कडक होती. आपली माणसे दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून कंपन्या खरी नावे छापू देत नसत. छापलीच तर टोपणनावे. कोनामीच्याच १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया' ह्या प्रसिद्ध खेळाच्या शेवटी नावांची यादी येते, पण ती जुन्या भयपटांतल्या मंडळींच्या नावांची विडंबने आहेत. संगीतकार म्हणून तेथे 'जेम्स बनाना' असे नाव आहे. त्या विनोदी नावामागे किनुयो यामाशिता ही नुकतीच पदवी घेऊन कामाला लागलेली तरुणी होती, आणि तिची सहकारी सातोए तेराशिमा. ज्या सुरांवर जगभरची मुले वाढली ते सूर दोन बायकांनी रचले हे जगाला कळावयास पुष्कळ काळ जावा लागला. पेंग्विनच्या खेळाच्या पहिल्या पडद्यावर कंपनी दिसते, साल दिसते, माणूस दिसत नाही. १९८६ साली त्याचा दुसरा भाग निघाला. त्यात साहाय्यक म्हणून काम करणारा हिदेओ कोजिमा हा तरुण पुढे जगप्रसिद्ध झाला. आणि तरीही २०१५ साली त्याच कंपनीने त्याच्या नव्या खेळाच्या वेष्टनावरून त्याचे नाव काढून टाकले. कीर्ती मिळालेल्या माणसाचीही ही गोष्ट. मग इतरांचे काय बोलावे?

आता ह्याला कोणी आक्षेप घेईल. तो घ्यावयास हवा, कारण मीही माझ्याशी तो घेतला आहे. नावाने पोट भरते काय? संघटनेचा माणूस पगार, पाळी, सुरक्षितता सोडून नावाच्या मागे का लागला? शिवाय यंत्र, खेळ, कापड ह्या साऱ्या वस्तू अनेक हातांच्या. एकाचे नाव घातले तर शंभरांवर अन्याय.

ह्याचे उत्तर मी आपल्या शहरातूनच देतो. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ह्या शहराचा दिवस तिच्या भोंग्याने मोजला. गिरणीच्या कापडावर गिरणीचा शिक्का असे. विणणाऱ्याला बिल्ल्याचा नंबर असे. तथापि त्या नंबरापुढे हजेरीपटात त्याचे नाव लिहिलेले असे, आणि त्या एका ओळीच्या जोरावर त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळे, ग्रॅच्युइटी मिळे, अपघात झाला तर दावा लावता येई. मी ज्या वस्त्यांत काम केले तेथे उलट अनुभव पुष्कळदा आला. ठेकेदाराकडे सात-आठ वर्षे राबलेला माणूस एका कारखान्यात हात गमावून बसला, आणि तो तेथे कामाला होता ह्याचा कागदच निघेना. त्याचे कष्ट खरे, जखम खरी, पण नाव कोठे नाही. ती लढाई आम्ही नियुक्तिपत्रापासून सुरू केली होती, पगारवाढीपासून नव्हे. नाव म्हणजे बडेजाव नव्हे. नाव म्हणजे 'हा येथे होता, ह्याने हे केले' एवढी साक्ष. खेळाच्या शेवटी येणारी नावांची यादी हा त्या धंद्यातला हजेरीपट आहे. ती यादी नसेल तर दुसरीकडे काम मागावयास गेलेला तंत्रज्ञ, आपण काय केले हे दाखवू शकत नाही.

आणि अटारीच्या प्रमुखाच्या त्या उत्तराचेही पाहा. तंत्रज्ञांना ते अपमानास्पद वाटले, कारण त्यांची तुलना पट्ट्यावरच्या कामगाराशी केली गेली. मला त्यातला दुसरा अपमान दिसतो. जणू पट्ट्यावरचा कामगार हा कमी महत्त्वाचा असण्याचे एक मापच आहे. चौघे बाहेर पडू शकले, कारण त्यांचे कौशल्य त्यांच्या डोक्यात होते. पट्ट्यावरच्या बायांना आणि बाप्यांना ती सोय नव्हती. १९८३ च्या फेब्रुवारीत अटारीने आपले उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलविण्याचे जाहीर केले आणि कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० लोकांचे काम गेले. बुद्धीच्या कामगाराला नाव मिळाले. हाताच्या कामगाराचे नाव तर नाहीच, कामही राहिले नाही. चौघांची जीत खरी होती, पण ती चौघांचीच होती. दोघे एकत्र बसले असते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारावयाचा नसतो म्हणतात. संघटनेत मात्र तोच विचारावा लागतो.

आता त्या पेंग्विनकडे पुन्हा एकदा पाहू. तो तळामागून तळ गाठतो, झेंडे चढतात. पण त्यांत भारताचा झेंडा नाही. ही जपानी लोकांची चूक नव्हे. डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालील आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मार्मागोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आपला पहिला तळ 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ च्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्ता ह्यांच्या नेतृत्वाखाली, एका उन्हाळी हंगामात उभा राहिला. म्हणजे जपानात कागदी आराखड्यावरचा पेंग्विन पळावयास लागला, त्याच सुमारास खऱ्या बर्फावर आपली माणसे पाया घालीत होती. त्याच मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत ह्या दोघी होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. आणि अदिती पंत ह्यांचा जन्म नागपूरचा, घर मराठी बोलणारे. समुद्रविज्ञानाच्या अभ्यासासाठी त्या हवाईला आणि लंडनला गेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी काम केले, आणि तेथून दक्षिण ध्रुवप्रदेशात गेल्या.

आपल्या मुलांना पेंग्विनच्या उड्या ठाऊक होत्या. आपल्याच गावात जन्मलेली एक बाई ज्या वर्षी तो खेळ निघाला त्याच वर्षी खऱ्या अंटार्क्टिकाकडे निघाली होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. हा दोष त्या खेळाचा नाही. तो आपला, म्हणजे शिकविणाऱ्यांचा आणि व्याख्याने देणाऱ्यांचा आहे. दक्षिण गंगोत्रीही पुढे बर्फाखाली गाडली गेली. १९८९ साली 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' हे तळ उभे राहिले. बर्फ तळ झाकते. पण नाव झाकले जाते ते आपल्या आळसाने.

हा सारा जुना इतिहास झाला, त्याचा आज काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे. आज हे खेळ महाराष्ट्रातही तयार होतात. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीची पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून शाखा आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या गाजलेल्या जुन्या खेळाचे नवे रूप ह्या दोन शाखा करीत आहेत असे २०२० साली जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडच्या तरुणांना अभिमान वाटला. २०२२ साली ते काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे गेले. काम येते तसे जाते, हे अटारीच्या १,७०० कामगारांनी १९८३ सालीच पाहिले होते. आणि ज्या ॲक्टिव्हिजनचा जन्मच करणाऱ्याच्या नावासाठी झाला होता, तिचे काय झाले? ती वाढली, प्रचंड झाली; आणि २०२२ साली तिच्याच ताब्यातल्या रेव्हन सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन शाखेतील खेळ तपासणाऱ्या कामगारांना युनियन करावी लागली. मतदानात १९ मते बाजूने पडली, ३ विरुद्ध. नाव मागणाऱ्या चौघांची कंपनी चाळीस-बेचाळीस वर्षांत मालकाच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि समोर पुन्हा कामगार उभे राहिले. ह्यात कोणाचा वैयक्तिक दुष्टपणा शोधू नये. खुर्चीचा गुण माणसाला लागतो. म्हणून संघटना ही एकदा करून विसरावयाची गोष्ट नव्हे.

पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना वाटते, की आपण कामगार नव्हे. गळ्यात ओळखपत्र असते, चहा फुकट असतो, खुर्ची मऊ असते. गिरणीतल्या जॉबरलाही एके काळी असेच वाटे. दिवसाकाठी किती तास बसावे लागते, काम गेले तर किती दिवसांची सूचना मिळते, आणि केलेल्या कामावर नाव लागते की नाही, हे तीन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत. उत्तरे मिळाली, की आपण कोण हे त्यांचे त्यांना कळेल. मला सांगावे लागणार नाही.

श्रोतेहो, मी खेळाच्या विरुद्ध बोलावयास आलो नाही. मुलांनी खेळावे, जरूर खेळावे. भर उन्हाळ्यात चौदा इंचांच्या पडद्यावर ज्याने त्यांना बर्फ दाखविले त्या अज्ञात जपानी कारागिराचे आपण ऋणी आहोत. माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. मूल खेळ संपवून उठू लागले, की त्याला शेवटची नावे वाचू द्या, घाईने यंत्र बंद करू नका. आणि आपल्या हुडकेश्वरात, जेथे वीस-तीस वर्षांत शेतांची घरे झाली, ती घरे ज्या गवंड्यांनी आणि रेजांनी बांधली त्यांची नावे ज्यांना अजून आठवतात त्यांनी ती वहीत लिहून व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे द्यावीत. पुढच्या वर्षी ह्याच मंडपात ती यादी वाचून दाखविता आली, तर तो ह्या वस्तीचा पहिला इतिहास होईल.